आपसूक

त्या रुग्णालयात प्रत्येक खाटेच्या डोक्याशी सुपारीएवढा एक कॅमेरा होता, आणि तो माणसाचं दुखणं मोजत असे.

दुखणं अंगात कुठेही असो, ते दिसतं चेहऱ्यावर, या जुन्या अनुभवावर तो बेतलेला होता. कळ आली की भुवया खाली येऊन एकमेकींकडे सरकतात, डोळे बारीक होतात, नाकाच्या बाजूला घडी पडते, वरचा ओठ किंचित उचलला जातो. तान्हं बाळ असो की नव्वदीची म्हातारी, मिरजेची असो की मंगोलियाची, यात फरक पडत नाही. कॅमेरा या खुणा सतत पाहत राही आणि भिंतीवरच्या पाटीवर शून्य ते दहा असा आकडा दाखवी. वेदनाशामकाची मात्रा त्याच आकड्यावरून ठरे. कंपनीने यंत्राला लांबलचक नाव दिलं होतं, पण मिरजेच्या परिचारिका त्याला कळकाटा म्हणत. ज्यांना बोलता येत नाही अशा रुग्णांसाठी तो फार उपयोगाचा होता.

रोहिणी मगदूम यांना बोलता येत नव्हतं. मेंदूत दोन्ही बाजूंना, जवळजवळ समोरासमोर, रक्तवाहिन्या बंद पडल्या होत्या. उजवा हातपाय लुळा पडला होता, डावाही जेमतेम हलत होता. डोळे उघडे असत, पण ‘दोनदा मिटा’ म्हटलं तर त्या मिटत नसत. शब्द कळत नव्हते की कळूनही करता येत नव्हतं, हे सांगणं अवघड होतं. दीड महिना झाला होता आणि त्यांच्या डोक्याशी असलेला कळकाटा सतत शून्य दाखवत होता.

त्यांचे यजमान अभिनंदन मगदूम रोज सकाळी येत ते रात्रीच घरी जात. एसटीत डेपो मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. सत्तरी ओलांडलेली, आणि चेहऱ्यावर ती सगळी लिहिलेली. असे चेहरे आता थोडे उरले होते. त्यांच्या कपाळावरच्या आठ्यांकडे, डोळ्यांच्या कडेला पसरलेल्या रेषांकडे वॉर्डातली लहान मुलं टक लावून बघत.

एकदा ते बायकोच्या कानाशी काही बोलायला वाकले आणि पाटीवरचा आकडा टुणकन सहावर गेला.

“आजोबा, बाजूला व्हा ओ,” सिस्टर रिबेका आवळे म्हणाल्या. “ते तुमचं दुखणं मोजायला लागलंय.”

जो चेहरा सगळ्यांत जवळ येई तो कळकाटा वाचत असे. अभिनंदन मागे सरकले. आकडा पुन्हा शून्य.

“बघा. बाई आरामात आहेत.”

“दिसतंय खरं आरामात,” ते म्हणाले.

चहा सांडला तो त्याच आठवड्यात. कप त्यांच्याच हातून निसटला आणि गरम चहा रोहिणीबाईंच्या मनगटावर पडला. बघता बघता कातडी लाल झाली. अभिनंदन फुंकर घालत राहिले, सिस्टर धावत मलम घेऊन आल्या. या सगळ्या धांदलीत त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यावर काहीच नव्हतं. वर पाटीवर शून्य होतं.

“भाजल्यावर शून्य?” अभिनंदन म्हणाले.

सिस्टरांनी बाईंचं नितळ कपाळ निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, “बाईंनी निवळी लावलेली आहे ना?”

*

निवळी कुणी लावली नव्हती?

पूर्वी गढूळ पाण्याच्या घागरीत निवळीचं बी उगाळून टाकत; गाळ खाली बसे आणि पाणी नितळ होई. त्यावरून या लेपाला ते नाव पडलं होतं. वयाबरोबर चेहऱ्यावर येणाऱ्या रेषा घालवायला त्याआधीही पुष्कळ उपाय होते. सुयांनी टोचायची औषधं, लेझर, आम्लाचे लेप, गालांत भरायची जेली. शस्त्रक्रिया नको असेल तर माणसं यांतलं काहीतरी दर काही महिन्यांनी करून घेत आणि परिणाम ओसरला की पुन्हा रांगेत उभी राहत. सुयांच्या औषधाने स्नायूच थिजत. रेषा जात, पण चेहरा इस्त्री केल्यासारखा दिसे. हसलेलं माणूस घाबरल्यासारखं वाटे.

निवळी चेहरा थिजवत नव्हती. रात्री लेप लावून झोपायचं, सकाळी धुऊन टाकायचा, पुढे बारा-तेरा वर्षं काही बघायला नको. वर्षभरात कपाळ, डोळ्यांच्या कडा, भुवयांमधली जागा नितळ होई आणि तरी माणूस हसे, रागवे, भुवया उडवे. रोहिणीबाईंच्या पिढीने, म्हणजे ज्यांनी तरुणपणी हातात धरायचे मोबाइल वापरले त्या पिढीने, निवळी आली तेव्हा साठी गाठलेली होती. त्यांनी ती आनंदाने लावली. त्यांच्या मुलांनी तिशीतच लावली. तान्ह्या बाळाच्या आईने वर्षभर लावू नये, एवढा एकच इशारा वेष्टणावर असे. पत्त्यांच्या क्लबांनी तेवढी थोडी कुरकूर केली.

*

“तुम्हीच का निवळीवाल्या?”

डॉ. ओवी तांबवेकर यांनी मान वर केली. पुण्याबाहेरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत रुग्णांचे नातेवाईक येत नसत. दारात उभा असलेला माणूस घामेजलेला होता आणि त्याचा चेहरा इतका हलत होता, की ओवीला क्षणभर तिकडे बघणं असभ्यपणाचं वाटलं. काळजी, संकोच, थोडा राग, सगळं एकदम.

“एकटी नव्हे. आम्ही बरेच जण होतो,” ती म्हणाली. “पण मुख्य रेणू माझा. बसा ना.”

“मग काम तुमच्याकडेच आहे. माझ्या बायकोला दुखतंय की नाही, एवढं मला सांगा.”

“काका, मी रसायनशास्त्राची. रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही.”

“तपासणाऱ्यांनीच पाठवलंय. म्हणाले, आम्हाला यांचा चेहरा वाचता येत नाही. ज्यांनी पुसला त्यांना विचारा.”

ओवी हसली. म्हणजे तिने हसायचं ठरवलं आणि हसली. आता सगळेच तसं हसत. मग तिने त्यांचं सगळं ऐकून घेतलं. चहाचं सांगताना त्यांनी स्वतःचं मनगट धरलं होतं.

“निवळी नक्की करते काय, हे सांगते,” ती म्हणाली. “तुम्ही एसटीत होतात ना? समजा, एका गावाला जायला दोन रस्ते आहेत. एक डांबरी. त्यावरून डेपोच्या हुकमाने सुटलेल्या गाड्या जातात. दुसरा ओढ्याकाठचा, जुना. त्यावरून लोक आपले आपण येतात-जातात, कुणाला विचारत नाहीत.”

“आमच्या गावाला, आरगेला, आहे असा.”

“मेंदूपासून चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत असेच दोन रस्ते आहेत. फोटोवाला ‘हसा’ म्हणतो आणि आपण हसतो, ती हुकमी हालचाल. डांबरी रस्ता. कुणी विनोद केला आणि फिस्सकन हसू फुटलं, ती आपसूक हालचाल. ती मेंदूच्या फार जुन्या भागातून, ओढ्याकाठच्या रस्त्याने येते. आपल्याला न विचारता.”

“बरं.”

“आता सुरकुत्या कशाने पडतात? कागद एकाच जागी दुमडत राहिलात तर घडी पडते, तसं. पण हुकमी हालचाली आपण दिवसभरात करतो किती? थोड्याच. आपसूक हालचाली हजारो. उन्हात डोळे बारीक करतो, विचार करताना आठी घालतो, नको ते आठवलं की ओठ मुडपतो. आपल्याला पत्ताही नसतो. घड्या पाडते ती ही आपसूक हालचाल. आम्ही एवढंच केलं, की गावाच्या वेशीवर एक नाकेदार बसवला. हुकमी गाडी आली की सोडायची. आपसूक आली की अडवायची.”

अभिनंदन थोडे पुढे सरकले. “नाकेदाराला कळतं कसं, गाडी कुठल्या रस्त्याने आली ते?”

ओवीला हा प्रश्न आवडला. “वेगावरून. हुकूम सुटतो तो झटक्यात, वर जाऊन लगेच खाली येतो. आपसूक संदेश हळूहळू चढतो आणि हळूहळू उतरतो, लाटेसारखा. हळू चढणारं काही आलं की माझा रेणू दार लावून घेतो.”

“म्हणजे निवळी लावलेलं माणूस हसतं ते...”

“ठरवून हसतं. सवयीने ते इतकं चटकन होतं, की ठरवलेलं त्यालाही कळत नाही. यात वाईट काही नाही, काका. बोलतानाही आपण शब्द निवडतोच ना?”

“आणि न ठरवता?”

“न ठरवता चेहऱ्यावर काही येत नाही.”

अभिनंदन यांनी पिशवीतून तपासण्यांच्या चित्रांची चकती काढून दिली. ओवीने त्यातलं चित्र भिंतीवरच्या पडद्यावर लावलं. मेंदूत डावीकडे एक काळा डाग होता, उजवीकडे एक, भिंतीवरच्या दोन खुंट्यांसारखे एकाच उंचीवर. ती ते चित्र बराच वेळ बघत राहिली. असा झटका फार क्वचित येतो, पण पुस्तकांत तो असतो. दोन्हीकडचा तोच भाग गेला की माणसाला हुकमाने ओठ हलवता येत नाहीत, जीभ बाहेर काढता येत नाही. पण तोच माणूस विनोद ऐकून खळखळून हसतो. चिमटा काढला तर कळवळतो.

“काय?” अभिनंदन म्हणाले.

“त्यांचा डांबरी रस्ता तुटलाय,” ओवी म्हणाली. “ओढ्याकाठचा बहुतेक शाबूत आहे.”

“मग त्या रस्त्याने काहीतरी येत असेल की.”

“येत असेल. वेशीवर माझा नाकेदार बसलाय.”

वेष्टणावरचा तान्ह्या बाळांबद्दलचा इशारा ओवीनेच लिहिला होता. बाळ आईचा चेहरा वाचून शिकतं, म्हणून. ज्यांना हुकूमच देता येणार नाही अशांचा विचार तेव्हा कुणाच्या मनात आला नव्हता. निवळी लावणारे सगळे चालते-बोलते, आरशासमोर उभे राहणारे होते.

“तिला कशाला हवी होती निवळी?” अभिनंदन स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका. इथं भुवयांच्या मधे दोन उभ्या आठ्या पडायच्या, ठसठशीत. अकराच्या आकड्यासारख्या. शाळाभर म्हणायचे, पळा, अकरा वाजले. निवृत्त झाल्यावर नात मांडीवर घेतली तर पोर रडायला लागली. त्या दिवशी म्हणाली, अहो, पुरे झालं हे. लावून टाकली. मला पण लाव म्हणत होती. मी म्हटलं, मला कोण बघतंय?”

“उतारा आहे,” ओवी म्हणाली. “निवळी उतरवायचा. तोही लेपच आहे. चुकून लहान मुलाला लागली तर म्हणून बनवून ठेवलाय. आठवड्याभरात दारं उघडतात. डॉक्टरांची हरकत नसेल तर मी स्वतः घेऊन येते. पण एक सांगायला हवं. काय दिसेल ते आपल्या हातात नसेल. दुखणं दिसेल तसं बाकीचंही दिसेल.”

“दिसू दे की,” अभिनंदन म्हणाले. “बायको आहे माझी.”

*

उतारा लावल्यावर पहिले काही दिवस काही झालं नाही. मग एका सकाळी कपाळावर बारीक थरथर दिसली. ओवी तेव्हा मिरजेतच मुक्कामाला होती. रेणू कसा उतरतो हे तिला स्वतः बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर रिबेकांनी रोजच्यासारखं अंग पुसायला रोहिणीबाईंना डाव्या कुशीवर वळवलं. पाटीवरचा आकडा आठवर गेला.

“आजोबा, लांब व्हा,” त्या वळून न बघता म्हणाल्या.

“मी लांबच आहे,” अभिनंदन खिडकीपाशी होते.

सगळ्यांनी एकदम पाहिलं. रोहिणीबाईंच्या भुवया खाली ओढल्या गेल्या होत्या, डोळे घट्ट मिटले होते, वरचा ओठ उचलला गेला होता. आणि भुवयांच्या मधोमध, बारा वर्षांनी, दोन उभ्या रेषा.

“अकरा वाजले!” अभिनंदन ओरडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग आपण कशाबद्दल आनंदलो ते लक्षात येऊन त्यांनी तोंडावर हात ठेवला. “दुखतंय ओ तिला. सिस्टर, सरळ करा, सरळ करा.”

डाव्या खांद्याचा सांधा जागेवरून सरकलेला निघाला. पक्षाघातात स्नायू सैल पडले की असं होतं. दीड महिना दिवसातून अनेकदा त्याच खांद्यावर वळवलं जात होतं, शून्याच्या भरवशावर. डॉक्टरांनी खांदा बसवला, आधारपट्टा बांधला, औषध वाढवलं. दोन दिवसांत आकडा एकवर आला. चेहरा सैल झाला. सिस्टरांनी खाटेच्या पायथ्याशी मोठ्या अक्षरांत पाटी लावली: डाव्या कुशीवर नाही.

काम झालं होतं. निवळीच्या वेष्टणावरचा दुसरा इशारा ओवीने मनात लिहूनही टाकला. संध्याकाळच्या गाडीने ती निघणार होती.

“थांबा की थोडं,” अभिनंदन म्हणाले. आज ते खुशीत होते. “गाणं ऐकून जा. रोज दिवेलागणीला म्हणतो मी. घरी पेटी असते, इथं नुसतंच. बेचाळीस वर्षांत एक संध्याकाळ चुकवली नाही. हिला फार आवडतं.”

“आवाज बरा आहे हं आजोबांचा,” सिस्टर ओवीला हळूच म्हणाल्या. “पण वॉर्ड रिकामा झाला तर मला विचारू नका.”

ते खुर्चीत ताठ बसले, मांडीवर हात ठेवले, डोळे मिटले. लहानपणी त्यांच्या गुरुजींनी सांगितलं होतं, सूर लावायचा तो डोळे मिटून. मिरजेत गाणं शिकताना लागलेली ती सवय सुटली नव्हती. एका जुन्या नाटकातलं पद होतं. सुरुवात बरी झाली.

पाटीवर दोन आला. मग तीन.

सिस्टरांनी खांद्याचा पट्टा बघितला. पट्टा ठीक होता. अभिनंदन अंतऱ्याला पोचले, वरच्या सुरावर थांबले, आणि आकडा पाच झाला. रोहिणीबाईंच्या भुवयांमधे अकरा उमटले होते.

“आजोबा,” सिस्टर म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले. आधी पाटी पाहिली, मग बायकोचा चेहरा. गाणं थांबलं तशा रेषा हळूहळू विरल्या. आकडा एकवर आला.

“खांदा?” त्यांनी विचारलं.

“खांद्याला कुणी हात नाही लावला,” सिस्टर म्हणाल्या.

अभिनंदन यांनी पुन्हा तीच ओळ म्हटली. या वेळी डोळे उघडे ठेवून. तीन. थांबले. एक. मग गाणं सोडून त्यांनी साध्या आवाजात विचारलं, “रोहिणी, दूधवाल्याचा नवा पोरगा रोज उशीर करतो, काय करू?” एक. पुन्हा गायले. चार. एखाद्या प्रयोगशाळेतल्या माणसाने करावं तसं त्यांनी ते करून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी चेहऱ्याने एकच उत्तर दिलं.

सिस्टर रिबेकांना आधी हसू आलं होतं. आता त्या टॉवेलांच्या घड्या करत होत्या.

“बेचाळीस वर्षं,” अभिनंदन म्हणाले.

*

बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीवरच्या पडद्यावर त्यांची मुलगी आर्या बोलत होती. ती इंदूरला असे. तिने सकाळी आईला पाहिलं होतं.

“बाबा, खांद्याचं कळलं, फार बरं झालं. पण आता परत लावा ना निवळी. मला बघवत नाही. आई अशी नव्हतीच कधी. केवढी शांत दिसायची.”

“शांत दिसायची तेव्हाच खांदा सरकला होता गं.”

“आता कळलंय ना पण? पट्टा बांधलाय, औषध चाललंय. पुढच्या आठवड्यात शाळेतल्या बायका भेटायला यायच्या म्हणतायत. त्यांनी आईला असं वाकडंतिकडं तोंड करताना बघायचं? तिला आवडेल हे? बाबा, तुम्ही तिला विचारलं असतंत तर ती काय म्हणाली असती?”

“लाव म्हणाली असती,” अभिनंदन म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमत नसे. चेहराच साथ देत नसे.

“मग?”

“बघतो. डॉक्टरबाई आहेत इथं. विचारतो.”

पडदा विझला. ओवीच्या हातातल्या शीतपेटीत उताऱ्याच्या बाटलीशेजारी निवळीचं पाकीट होतंच. ती दोन्ही घेऊन आली होती.

“आर्याचं चुकत नाही,” ती म्हणाली. “निर्णय तुमचा. आज लावली तर आठवड्यात पहिल्यासारखं होईल. खांद्यासाठी अधूनमधून क्ष-किरण काढत राहता येईल.”

“आणि गाणं?”

“काका, भुवया ओढल्या जाणं म्हणजे नावडच, असं नसतं. माणूस भारावला तरी कपाळावर आठी पडते. डोळ्यांत पाणी यायच्या आधी हाच स्नायू ओढला जातो. कळकाट्याला त्यातला फरक कळत नाही.”

“चांगलं सांगता तुम्ही.” त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. त्या चेहऱ्यावर आस्था होती, अगदी नेमकी, जेवढी हवी तेवढी. “हे खरं आहे म्हणून सांगताय, की मला बरं वाटावं म्हणून?”

“खरं आहे म्हणून.”

“असेल,” ते म्हणाले. आणखी क्षणभर बघत राहिले आणि त्यांनी नजर काढून घेतली. “निवळी लावल्यावर बारा वर्षं मी गात होतो आणि ती हसत होती. ते ठरवून. पण त्याच्या आधी तीस वर्षं तर तिचा चेहरा उघडा होता. तेव्हाही अकरा वाजतच असतील. माझेच डोळे मिटलेले.”

ते उठून चहा आणायला गेले. ओवी आत येऊन पायथ्याशी उभी राहिली. कप घेऊन ते परत आले, विचारांत होते, पायाला खुर्ची लागली आणि पुन्हा चहा सांडला. या वेळी फरशीवर आणि स्वतःच्या पांढऱ्या पायजम्यावर.

“झालं!” सिस्टर रिबेका कडाडल्या. “परत चहा! एवढे हजारो एसटी ड्रायव्हर सांभाळलेत ना तुम्ही? एक कप सांभाळता येत नाही? आत्ता फरशी पुसलीय मी. उभे राहा तिथंच, पाय हलवायचा नाही. भुतासारखे ठसे उमटवाल सगळीकडे!”

अभिनंदन शाळेतल्या पोरासारखे एका पायावर उभे राहिले.

आणि ओवीने पाहिलं. रोहिणीबाईंच्या तोंडाचा डावा कोपरा उचलला जात होता. हळू, लाटेसारखा. गाल वर आला, डोळ्याची कड दुमडली, मग उजवा कोपराही थोडा हलला. घशातून हुंकारासारखा आवाज आला. ते हसू होतं.

“सिस्टर,” अभिनंदन कुजबुजले, “आणखी बोला.”

“काय?”

“मला बोला. शिव्या द्या.”

सिस्टरांनी वळून बाईंकडे पाहिलं आणि त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी कमरेवर हात ठेवून मनापासून सुरुवात केली. पायजम्यापासून झाली, गाण्यापर्यंत गेली. “आणि ते गाणं! पलीकडच्या खाटेवरचे गृहस्थ परवा बरे नसताना घरी गेले, माहितेय का कशामुळे?” रोहिणीबाईंचे खांदे हलले. पट्ट्यातला डावा खांदाही. आकडा दोनवर गेला आणि लगेच खाली आला. हसण्याने दुखलं असावं. पण त्या हसायच्या थांबल्या नाहीत.

“हे खरं ना?” अभिनंदन एका पायावरूनच ओवीला म्हणाले. “हुकमी नाही ना हे?”

“त्यांना आता हुकमी हसताच येत नाही.”

“म्हणजे खोटं हसू नाहीच.”

“नाही.”

“मग ठेवा तुमचं पाकीट पेटीत,” ते म्हणाले. त्यांचा चेहरा एकाच वेळी इतका दुखावलेला आणि इतका आनंदलेला होता, की कळकाट्याला त्याचा आकडा काढता आला नसता. “आर्याला मी सांगतो. शाळेतल्या बायका येऊ देत. अकरा बघायची सवय आहे त्यांना. आणि गाणं मी गच्चीवर म्हणेन. इथं रोज काहीतरी सांडत जाईन.”

“सांडून तर बघा,” सिस्टर म्हणाल्या.

ते पायजमा धुवायला न्हाणीघराकडे गेले. सिस्टर फडकं पिळायला बादलीकडे वळल्या. ओवीची निघायची वेळ झाली होती. निरोप घ्यावा म्हणून ती रोहिणीबाईंवर वाकली. हसू विरलं होतं. इतक्या जवळून आलेल्या अनोळखी चेहऱ्याकडे त्या बघत होत्या, काहीतरी शोधत असल्यासारख्या, आणि त्यांच्या भुवयांमधे दोन रेषा हळूहळू उमटत होत्या.

“तुमचा खांदा,” ओवी म्हणाली. “तो माझ्यामुळे.”

तिच्या छातीत काहीतरी जड, टोकदार अडकलं होतं, श्वास पुरा येत नव्हता. असं तिला फार वर्षांत झालं नव्हतं. चेहऱ्यावर यातलं काही आणायचं तर हुकूम द्यावा लागला असता, आणि या बाईसमोर हुकूम देऊन दुःख दाखवणं तिला जमेना. तिने चेहरा तसाच राहू दिला. न ठरवता काही येतंय का, याची वाट पाहिली.

सिस्टर रिबेकांनी लांबूनच भिंतीवरची पाटी पाहिली.

“बघा मॅडम, शून्य आलं,” त्या समाधानाने म्हणाल्या. “आता काही दुखत नाही.”

ओवी खाली वाकलेलीच राहिली. आकडा तिचा होता.